गीत सुरेल, मजकूर सदोष

दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी रंगीत फलक लागतात, नव्या गीतसंग्रहांच्या जाहिराती होतात. मात्र अशा मजकुरात ‘भक्तीगीत’, ‘गितकार’, ‘गायीका’ असे शब्द आढळले की मन खट्टू होते.

या चुकांना कारणे आहेत. गोंदियाची सीमा मध्य प्रदेशातील बालाघाटला भिडलेली आहे. हिंदीत ‘भक्ति’, ‘कवि’ असे लिहितात. मराठीत ‘भक्ती’, ‘कवी’. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. बोली हे आपले वैभव आहे. बोलीतील गीत बोलीतच छापावे. परंतु प्रमाण मराठीतील मजकुराला नियम लागू होतात.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून प्रचलित आहेत. १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यांनुसार ‘भक्ती’ स्वतंत्रपणे दीर्घान्त, पण समासात ‘भक्तिगीत’. ‘सूर’चे ‘सुरांची’ होते. ‘गीत’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असल्याने ‘गीतांची’ असेच राहते. वृत्तासाठी कवीला ऱ्हस्व-दीर्घाची सवलत आहे. ती फलकाला किंवा श्रेयनामावलीला नाही. एका वेलांटीने अर्थही पालटतो. ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘दिन’ म्हणजे दिवस. ‘दिनांचा कैवारी’ असे छापले, तर कैवार कोणाचा?

येथे प्रश्न केवळ शोभेचा नाही, तर न्यायाचाही आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी तो वाटा गोळा करून सभासदांना देते. त्यासाठी गीताचे शीर्षक व रचनाकाराचे नाव यांची नोंद जुळावी लागते. एकच नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले गेले, तर श्रमाचे मोल योग्य हाती पोहोचण्यात अडथळा येतो.

म्हणून छपाईपूर्वी मजकूर दुसऱ्या जाणत्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा. नावे ज्याची त्याला दाखवून पक्की करावीत आणि सर्वत्र एकसारखी लिहावीत. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांनीही गीतपुस्तिका काढताना हा नेम पाळावा. सुरासाठी आपण अनेक दिवस सराव करतो. अक्षरासाठी निदान एक सायंकाळ द्यावी.