धक्का खातो कोण, जिरवतो कोण?

माझ्या एका मित्राने पावसाळ्याच्या तोंडावर आपली फोर बाय फोर दोन इंच उचलून घेतली. म्हणजे स्प्रिंगांना ठोकळे लावून (गॅरेजात त्यांना स्पेसर म्हणतात) तिचं धूड पाच सेंटिमीटर वर नेलं. मोठे टायर बसावेत आणि मावळातल्या दगडांवर पोट घासू नये, हा हेतू. थोडा रुबाबही असतो त्यात, पण ते कुणी कबूल करत नाही. शॉकअप मात्र मूळचेच ठेवले. ‘चांगले आहेत की, तेल कुठे गळतंय?’ तिसऱ्याच रविवारी मागचा उजवा शॉकअप वरच्या बोल्टापाशी तुटून लोंबकळू लागला. मग इरेला पेटून त्याने बाजारात मिळाले ते सगळ्यांत लांब शॉकअप आणून बसवले. ते दोन रविवार टिकले. या खेपेला दांडाच वाकला.

पहिले तोकडे पडले, दुसरे लांब झाले, आणि पैसे दोन्ही वेळा गेले. मोजपट्टी घेऊन कुणी तासभर गाडीखाली पडलं असतं, तर दोन्ही घटना आधीच कागदावर दिसल्या असत्या. त्या मापांकडे येऊच. पण त्याआधी हा शॉकअप नेमकं करतो काय, ते पाहू. कारण त्याचं नावच फसवं आहे.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. प्रत्यक्षात चाक दगडावर चढतं तेव्हा धक्का खाते ती स्प्रिंग. ती दबते आणि धक्क्याची ऊर्जा पोटात साठवते. अडचण एवढीच, की साठवलेलं ती परत देते, जवळजवळ पै न् पै. शॉकअप नसलेली गाडी एका खड्ड्यानंतर वाड्यातल्या झोपाळ्यासारखी हेलकावत राहील. नेहमीच्या मोटारीचा हा झोका सेकंदाला एक ते दीड असतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 15 सेंटिमीटर बसत असेल, तर गणित करा, सेकंदाला 1.3 झोके येतात. हा झोका मारायचा, म्हणजे त्याची ऊर्जा उष्णतेत घालवायची, हे शॉकअपचं काम. त्याला झोकामार म्हटलं असतं तर निम्मे गैरसमज टळले असते.

टांग्याला आणि जुन्या जीपला हे काम बरंचसं फुकटात होत असे. त्यांच्या पाट्यांची चळत दबताना पाटे एकमेकांवर घासत आणि त्या घर्षणात झोका विरून जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ट्रुफोने आणि अमेरिकेच्या हार्टफर्डने मोटारींना जी झोकामार यंत्रं लावली, तीही घर्षणाचीच होती: एकमेकींवर आवळलेल्या चकत्या. पण घर्षणाचा स्वभाव उलटा. हळू हलवलं तर ते अडून बसतं आणि वेग आला की उलट सैल पडतं. लहान खडीवर गाडी दणदणते आणि मोठ्या खड्ड्यात झोका मोकाट सुटतो. हवं होतं ते नेमकं याच्या विरुद्ध, आणि ते तेलाने दिलं. गुडघाभर नदीत सावकाश चाला, पाणी वाट देतं. पळायला जा, तेच पाणी पाय धरतं. शॉकअपात नळीभर तेल, त्यात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं, आणि छिद्रांवर पोलादी पातळ चकत्यांची गड्डी. पिस्टन जितक्या वेगाने सरकेल तितका तेलाचा विरोध जास्त. फार वेगात सरकला की चकत्या वाकतात आणि तेलाला जादा वाट मिळते. शॉकअपचा स्वभाव ठरतो तो या चकत्यांची जाडी आणि संख्या यांवरून, बाहेरच्या रंगावरून नाही.

आता पुन्हा गाडीखाली जाऊ. खालचे आकडे एका मागच्या शॉकअपचे धरा. तुमच्या गाडीचे वेगळे असतील, हिशेब तोच. पूर्ण ताणला तर तो 57 सेंटिमीटर, पूर्ण दाबला तर 35. गाडी सपाटीवर उभी असताना त्याची लांबी 46. चाक वर येऊन त्याला थांबवणारा रबरी ठोकळा, म्हणजे बंप स्टॉप, पुरता चेपला जातो तेव्हा 37. म्हणजे चाकाला वर जायला 9 सेंटिमीटर आणि खाली लोंबायला 11.

गाडी पाच सेंटिमीटर उचलली. शॉकअपची उभी लांबी झाली 51. चाकाला वर जायला आता 14 सेंटिमीटर मिळाले, पण खाली लोंबायला उरले फक्त 6. ऑफरोडिंगमध्ये हे लोंबणंच मोलाचं. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याने खळगीत उतरून जमीन धरायची असते. ते हवेत राहिलं, की साधा डिफरन्शियल जोर त्याच हवेतल्या चाकाला फिरवण्यात घालवतो आणि गाडी जागेवर घुरघुरत बसते. गाडी उंच झाली, पण तिचे पाय आखूड झाले. त्यातून दर वेळी चाक खाली गेलं की अ‍ॅक्सलचं सगळं ओझं हिसका देऊन शॉकअपच्या दांड्यावर आणि बोल्टावर. लोंबणारं चाक अडवणं हे त्याचं काम नव्हे. मित्राचा पहिला शॉकअप गेला तो असा.

दुसरा होता 67 सेंटिमीटरचा, पण दबून 40 च्या खाली जात नव्हता. बंप स्टॉप पुरता चेपायला 37 लागतात. म्हणजे गाडीचं वजन रबरावर नीट टेकण्याच्या 3 सेंटिमीटर आधीच पिस्टन नळीच्या तळावर आदळणार. तसा तो आदळला.

मग 67 पर्यंत ताणला जाणारा आणि 35 पर्यंत दबणारा शॉकअप घ्यावा की! तो मिळत नाही, आणि यात कंपन्यांचा कंजूषपणा नाही, भूमिती आहे. दांडा दबून जातो तो नळीच्या आत. त्यामुळे दांडा जितका हलणार, नळी निदान तितकी लांब हवी. शिवाय दोन्ही टोकांच्या बोल्टांसाठीच्या डोळ्यांची, सीलची, पिस्टनच्या जाडीची जागा. आपल्या उदाहरणात ही मेलेली जागा 13 सेंटिमीटर आहे. 35 दबलेल्या लांबीतून 13 वजा केले तर उरते चाल 22. म्हणून ताणून 57. एक टोक वाढवलं की दुसरं वाढतंच. महागड्या शॉकअपांना शेजारी जो वेगळा डबा नळीने जोडलेला दिसतो, त्याचा एक फायदा हाच: वायूची जागा मुख्य नळीतून बाहेर गेल्याने मेलेली लांबी घटते. तेल थंड राहतं हा दुसरा. लोक बहुधा तिसऱ्याच कारणासाठी घेतात, तो डबा फोटोत छान दिसतो.

शेवटी मित्राच्या गाडीला जे बसलं ते असं. बंप स्टॉप 3 सेंटिमीटर खाली आणला, त्यामुळे दबण्याची हद्द 40 झाली. शॉकअप घेतला 62 ताणलेला, 38 दबलेला. वर जायला 11 सेंटिमीटर, खाली लोंबायला 11, आणि तळाशी 2 सेंटिमीटरची सुटी. 62 च्या पुढे जाण्यात अर्थ नव्हता, कारण मिस्त्रीने जॅकवर अ‍ॅक्सल लोंबता सोडून पाहिला तेव्हा त्याच सुमारास ब्रेकची रबरी नळी ताणायला लागत होती. हे मोजमाप करताना स्प्रिंग काढून चाक हाताने वरखाली न्यावं लागतं, आणि एकाच बाजूचं चाक वर करूनही पाहावं लागतं, कारण तिरप्या अ‍ॅक्सलवर मापं बदलतात. हे सगळं मापन फुकट आहे. म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

पुढच्या चाकांचं त्रांगडं वेगळं. नाशिकला तयार होणाऱ्या थारचंच पाहा. 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बार (पीळ घेणाऱ्या सळया) होते आणि मागे पाटे. 2020 मध्ये आलेल्या नव्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल, पण पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र. अशा पुढच्या रचनेत शॉकअप स्प्रिंगच्या आत आणि चाकाच्या बराच आत बसतो, म्हणून तो एक सेंटिमीटर हलला की चाक त्याहून बरंच जास्त हलतं. वर एक इंचाचा स्पेसर ठेवला की गाडी जवळजवळ दोन इंच चढते. स्वस्तात चढते, आणि तिथेच लोक फसतात. स्पेसरने शॉकअपची चाल एक मिलिमीटरही वाढत नाही. तीच चाल खाली सरकते. चाक आता जास्त लोंबतं, तेव्हा वरचा विशबोन (चाक धरणारा आडवा हात) स्प्रिंगला घासू शकतो आणि चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा नको तितका वाकतो. पुढे दोन इंचांवर हाव धरू नये, असं माझं मत. त्यापुढे विशबोनसकट सगळंच बदलावं लागतं.

लांबी ठरली की मग कडकपणा. ‘गाडी उंच केली, आता शॉकअप कडक टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो पुष्कळदा चुकीचा असतो. झोका मारायला किती विरोध हवा, हे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले वजन यांच्या वर्गमुळावर ठरतं. उंचीचा त्यात संबंधच नाही. नुसते स्पेसर लावले तर मूळच्याइतकाच कडकपणा पुरतो. फक्त लांबी बदलायची. पण स्प्रिंग 30 टक्के कडक घातली आणि लोखंडी बंपर, विंच, टपावरचा तंबू असं करत वजन 10 टक्के वाढवलं, तर 1.3 गुणिले 1.1 म्हणजे 1.43, त्याचं वर्गमूळ साधारण 1.2. विरोध 20 टक्के वाढायला हवा, दुप्पट नव्हे. गरजेपेक्षा कडक शॉकअप खडीचे बारीक धक्के थेट पाठीपर्यंत पोचवतो. आणि सेकंदाला 4 ते 8 कंपनं माणसाच्या धडाला सगळ्यांत जास्त खुपतात.

हा विरोध दोन्ही दिशांना सारखा नसतो. दबताना कमी, ताणताना जास्त. दगडावर चाक झटकन वर जाऊ द्यायचं, नाहीतर तो दणका गाडीला बसेल. पण दबलेली स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा तिला घट्ट धरायचं. परतीचा विरोध वाजवीपेक्षा वाढला तर एक मजेदार रोग जडतो. चाक एका उंचवट्यावरून खाली येण्याआधीच पुढचा उंचवटा येतो, मग त्याच्या पुढचा, आणि गाडी हळूहळू बसत जाऊन रबरावर टेकते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मऊ आहे, म्हणून तो आणखी कडक घालतो.

हा रोग ओळखायला लडाखातल्या चांगथांगच्या पठारासारखी जागा नाही. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथल्या कच्च्या रस्त्यावरच्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा खिळखिळ्या करतात. या लाटा कशा होतात, यावर ताबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन यांनी 2007 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूच्या गोल पट्ट्यावर एक साधं चाक फिरवलं, तर ठराविक वेगापुढे लाटा आपोआप उठतात, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. समजा दोन लाटांत 90 सेंटिमीटर अंतर आहे आणि गाडी ताशी 50 किलोमीटरने चालली आहे: चाकाला सेकंदाला 15 धक्के. चाक आणि अ‍ॅक्सल टायरवर नाचतात ती त्यांची स्वतःची लयही याच सुमाराची, 10 ते 15. शॉकअपचा कस लागतो तो इथे.

कारण इथे तो तापतो. दर धक्क्याला सरासरी 1,000 न्यूटन विरोध आणि पिस्टनचा वेग सेकंदाला 30 सेंटिमीटर धरला, तर एका शॉकअपात 300 वॅट उष्णता तयार होते; जुने 100 वॅटचे तीन दिवे त्या नळीत सतत पेटलेले. तेल पातळ होतं. पिस्टनमागे दाब पडून बुडबुडे येतात आणि फेसाळलेल्या तेलातून पिस्टन लोण्यातून सुरी जावी तसा जातो. शॉकअप फुटलेला नसतो, पण असून नसल्यासारखा. यावर फ्रेंच अभियंता द कार्बों याने उपाय काढला: एकच नळी, तळाशी सरकत्या पिस्टनने वेगळा केलेला नायट्रोजन, भरपूर दाबाखाली. दाबाखालच्या तेलात बुडबुडे सहज धरत नाहीत, आणि एकेरी भिंतीतून उष्णता थेट वाऱ्यावर जाते. जर्मनीच्या बिलस्टाइनने 1957 मध्ये असे शॉकअप मर्सिडीजला पुरवले. त्या दाबाची गंमत हात लावून कळते. 25 बार दाब आणि 14 मिलिमीटर जाडीचा दांडा म्हणजे सुमारे 39 किलोचा रेटा. असा शॉकअप टेबलावर सोडला तर आपणहून पूर्ण उघडतो.

मग एकेरी नळीच घ्यावी? लडाखच्या वाऱ्या करणाऱ्याने, जरूर. पण सह्याद्रीत दगड उडतात, आणि एकेरी नळीला बाहेरून पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो. दुहेरी नळीच्या स्वस्त शॉकअपला बाहेरच्या नळीवर पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते आणि गडी घरी येतो. मावळात दहा-वीसच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीचं तेल फारसं तापतही नाही. तिथे मी दुहेरी नळी घेईन आणि उरलेल्या पैशांत मागच्या डिफरन्शियलला जखडणारा लॉकर बसवेन.

एक कायद्याची गोष्ट सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध घालतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणेच वाचलं. झिजलेला शॉकअप बदलणं वेगळं आणि गाडी उचलणं वेगळं. आरटीओत आणि विमा कंपनीत विचारल्याशिवाय दुसऱ्या वाटेला जाऊ नये.

नवे शॉकअप बसवल्यावर मिस्त्रीने मित्राच्या गाडीखाली जाऊन एक शेवटचं काम केलं. उघड्या दांड्याला एक प्लॅस्टिकची केबल टाय सैलसर बांधली आणि ती नळीच्या तोंडापाशी सरकवली. दांडा आत गेला की नळी तिला पुढे ढकलते. बाहेर आला की ती तिथेच राहते. रविवारी संध्याकाळी चिखलाने माखलेली गाडी परत आली तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा वाकून तीच बघायला गेला. टाय दांड्याच्या टोकापासून अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबली होती. ‘साहेब, रबरावर टेकली, तळाला नाही लागली,’ असं म्हणून त्याने ती परत नळीपाशी सरकवून ठेवली.