सेन्सर जळालेला नसतो

साखर कारखान्याच्या आणि उसाच्या मळ्यांच्या कसबा बावड्यात १९८४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि आज या परिसरात ब्रेडबोर्ड, बॅटऱ्या व चाके पुढ्यात मांडून यंत्रमानव जुळवीत बसलेली तरुण मंडळी पाहणे नवलाचे राहिलेले नाही. अडथळा येताच वळणारी गाडी हा त्यांचा बहुधा आरंभीचा प्रयोग: अवरक्त एलईडीचा प्रकाश अडथळ्यावरून परतून रिसीव्हरवर, म्हणजे सेन्सरवर, पडला की गाडी वळते. आणि त्या प्रयोगाअंती जी फिर्याद माझ्या कानांवर वारंवार येते ती एकच, की ‘सेन्सर जळाला’. गाडी क्षणभर अडथळा ओळखते, मग आंधळी होते. नवा रिसीव्हर लावला तरी तोच प्रकार घडतो. आणि अखेर दुकानदाराने नकली माल दिला असा निकाल देऊन धडधाकट रिसीव्हर कचऱ्यात टाकला जातो. याचा मला मनापासून उद्वेग येतो, कारण या साऱ्याच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे: रिसीव्हर ३८ किलोहर्ट्झचा आहे, तेव्हा ५५५ टायमरकडून ३८ किलोहर्ट्झची स्पंदने अखंड सोडली की काम फत्ते झाले.

तसे ते होत नाही, आणि होऊ नये अशीच त्या रिसीव्हरची रचना आहे. टीसॉप १७३८ हा रिसीव्हर दूरचित्रवाणीच्या रिमोटसाठी घडवलेला भाग आहे. ज्या खोलीत त्याने काम करायचे तेथे सूर्यप्रकाश असतो, दिवे असतात, आणि इलेक्ट्रॉनिक चोक बसवलेल्या ट्यूबलाइटचा प्रकाश तर साधारण याच पट्ट्यातल्या वारंवारतेने लुकलुकत असतो. या गदारोळातून रिमोटचा हुकूम वेगळा काढायचा, तर जे थांबतच नाही ते निरर्थक मानून त्याची दखल सोडणे हाच मार्ग उरतो. म्हणून अखंड संकेत येऊ लागताच रिसीव्हर आपली संवेदनक्षमता आपोआप उतरवतो. हे माझे अनुमान नव्हे. विशे कंपनीच्या माहितीपत्रकात दडपल्या जाणाऱ्या उपद्रवी संकेतांची यादी आहे, आणि तीत ‘३८ किलोहर्ट्झचा अखंड संकेत’ स्पष्ट शब्दांत नोंदवलेला आहे. त्याच कंपनीने अखंड संकेत चालावा म्हणून टीएसएसपी नावाची मालिका निराळी काढली, हा दुसरा दाखला. माहितीपत्रक न वाचता भागावर दोषारोप करणे हा त्या भागावर उघड अन्याय आहे.

रिसीव्हरला हवा असतो तो विराम. त्याच माहितीपत्रकानुसार स्पंदनांचा प्रत्येक बर्स्ट निदान १० आवर्तनांचा असावा, आणि १० ते ७० आवर्तनांच्या बर्स्टनंतर किमान १४ आवर्तनांइतकी शांतता असावी. ही तजवीज दोन ५५५ मध्ये, किंवा दोन टायमर एकत्र असलेल्या ५५६ मध्ये, सहज होते. पहिला टायमर संथ ठेवावा: पिन ८ व ७ यांच्यामध्ये १ किलोओहम, ७ व ६ यांच्यामध्ये ८.२ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, की त्याचे आउटपुट सुमारे ६४० मायक्रोसेकंद चढे आणि ५७० मायक्रोसेकंद उतरते राहते, म्हणजे साधारण २४ आवर्तनांचा बर्स्ट आणि २१ आवर्तनांचा विराम. हे आउटपुट दुसऱ्या टायमरच्या पिन ४ ला, अर्थात रीसेटला, द्यावे. दुसऱ्यात त्याच जागी १ किलोओहम, मग १५ किलोओहमशी एकसर जोडलेला ५ किलोओहमचा प्रीसेट, आणि १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर; प्रीसेट फिरवून ३८ किलोहर्ट्झ साधावे. कपॅसिटर शक्यतो फिल्मचा घ्यावा, कारण स्वस्त सिरॅमिकची किंमत छापील आकड्यापासून बरीच ढळते आणि रिसीव्हरचा पट्टा मात्र मध्यवारंवारतेच्या दशांशाएवढाच रुंद असतो. आता रिसीव्हरचे आउटपुटही त्याच ठेक्याने खाली-वर होईल, म्हणून मायक्रोकंट्रोलरने एकदाच डोकावून निर्णय न घेता दोन-तीन मिलीसेकंद पाहावे.

बॅटरी उतरली की वारंवारता ढळते, हा दुसरा समज. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्ससाठी आखलेल्या ५५५ चे वैशिष्ट्यच हे, की कपॅसिटर पुरवठ्याच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश या मर्यादांमध्ये झुलतो. पुरवठा घटला की मर्यादाही त्याच प्रमाणात घटतात आणि काळ जवळजवळ तोच राहतो. मंदावतो तो एलईडी, म्हणून पल्ला घटतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसला म्हणजे सर्किट बरोबर, असेही सांगतात. त्यावरून एलईडी पेटला एवढेच सिद्ध होते, वारंवारतेविषयी काहीही नाही. चढ-उताराचा काळ समसमान करण्यासाठी पिन ८ व ७ मधला रेझिस्टर काढून तेथे सरळ तार जोडणाऱ्यांना कळकळीने सांगतो, की असे केल्यास पुरवठा थेट आतल्या ट्रान्झिस्टरवर पडतो आणि तेव्हा मात्र आयसी खरोखरच जळतो. अवरक्त म्हणजे उष्णता, म्हणून हा सेन्सर माणसाच्या अंगाची ऊब ओळखेल, ही कल्पनाही सोडावी: आपला एलईडी ९४० नॅनोमीटरचा, तर शरीराच्या उष्णतेची तरंगलांबी त्याच्या सुमारे दहापट.

आणि समोर मोकळे अंगण असताना गाडी अडथळा दाखवीत असेल, तर सर्किट उसकटण्यापूर्वी एलईडीवर काळ्या नळीचा तुकडा चढवून पाहावा. शेजारच्या रिसीव्हरवर आडवा सांडणारा प्रकाश बहुधा तेवढ्याने थांबतो.