शेजाऱ्याला पटवा

ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकली. जास्त बल कुणावर? बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न फळ्यावर लिहिला की मी गप्प बसतो. आधी ज्याने-त्याने एकट्याने विचार करायचा. मग बोटं दाखवायची: मोटारीवर असेल तर एक, ट्रकवर दोन, सारखंच तर तीन. हात छातीशी धरायचा, म्हणजे मागच्यांना हुशार मुलाची बोटं दिसत नाहीत.

बहुतेकांचं एकच बोट असतं. न्यूटनचा तिसरा नियम नववीत झालेला. विचारला तर घडाघडा म्हणतील. हार्वर्डच्या एरिक माझूर यांना १९९०च्या सुमारास हेच दिसलं. अवघड गणितं सोडवणारी मुलं अशा साध्या प्रश्नावर अडखळत होती. त्यातून त्यांनी ही पद्धत बसवली. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चा. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवायचं, जास्त असतील तर पुढे जायचं.

“उत्तर वेगळं असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा,” म्हटलं की वर्गात गलका होतो. बाकं जमिनीला ठोकलेली, तोंडं फळ्याकडे. मुलं तशीच मागे वळून भांडतात. पुस्तक इंग्रजी, भांडण मात्र मराठीत.

“अरे, चुराडा मोटारीचा होतो ना? मग फोर्स तिच्यावरच जास्त.”

“फोर्स तेवढाच. मोटार हलकी, म्हणून त्वरण जास्त.”

‘त्वरण’ म्हणणारी मुलगी मराठी माध्यमातली. मी इंग्रजीत विचारलं की ती खाली बघते. आपण कुठे अडलो होतो ते तिला अजून आठवतं. मी ते केव्हाच विसरलोय. म्हणून तिचं समजावणं माझ्यापेक्षा सरस ठरतं.

दुसऱ्या फेरीत तीन बोटं वाढतात. नेहमीच नाही, एखादा ठाम आवाजाचा मुलगा अख्खं बाक चुकीच्या उत्तराकडे ओढून नेतो. म्हणून बाकांमधून फिरत ऐकावं लागतं, आणि शेवटी खडू हातात घ्यावाच लागतो.

मोठ्या वर्गाची सबब मला पटत नाही. आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमात चारशेहून जास्त मुलांच्या वर्गात अशी जोडीची चर्चा झाली आहे. पोर्शनची तक्रार मात्र खरी. एका प्रश्नाला दहा मिनिटं जातात, वाचन घरी ढकलावं लागतं आणि बरीच मुलं न वाचताच येतात. पण तिसऱ्या नियमाचा पोर्शन तर नववीतच संपला होता.

सहकाऱ्यांना एवढंच सांगेन: आठवड्यातून एकदा, ज्यावर वर्गात दुमत होईल असा एक प्रश्न द्या. आणि उत्तर सांगायची घाई करू नका.