आधी हवा पाहा, मग दिवा विझवा

गाडी चालवून घर चालवणारी माणसे आपल्या वस्त्यांत घराघरांत आहेत. कुणी ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, कुणी साहेबांची, तर कुणी बँकेचे कर्ज काढून स्वतःची टॅक्सी घेतली आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेखालील घड्याळांच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधोमध उद्गारचिन्ह. टायरमध्ये हवा कमी झाल्याचा तो इशारा असतो. पण पुष्कळ ठिकाणी दिवा लागला की पहिला प्रश्न विचारला जातो तो, "हा घालवायचा कसा?" बटन दाबून दिवा घालवता येतो हे खरे. मात्र हवा न पाहता तो घालवला, तर गाडीचा पहारेकरी आपल्याच हाताने झोपवल्यासारखे होते.

हा दिवा आला कोठून?

1986 साली आलेल्या पोर्शे 959 या महागड्या मोटारीत अशी यंत्रणा प्रथम बसवली गेली. सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत ती पोहोचली मात्र मोठी मनुष्यहानी झाल्यानंतर. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर या गाड्यांना बसवलेल्या फायरस्टोन टायरची पट्टी धावता धावता सुटू लागली, गाड्या उलटल्या आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट 2000 मध्ये कंपनीला सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. टायरच्या दोषाबरोबरच कमी हवेचा मुद्दाही तेव्हा पुढे आला. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून अमेरिकेतील प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा पाव हिस्सा कमी झाली की दिवा लागला पाहिजे, असा तेथील नियम आहे.

आपल्याकडे 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत एक बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल, तर लहान मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. तेव्हा गाडी घेताना स्टेपनी आहे की नाही हे आधी पाहावे. नसेल तर या दिव्याचे मोल आणखी वाढते.

गाडीला कळते कसे?

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हजवळ, एक छोटे यंत्र असते. ते हवा मोजते आणि बिनतारी संदेशाने गाडीला कळवते. अशा गाडीत पडद्यावर बहुधा चारही चाकांचे आकडे दिसतात. या यंत्रातील बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपली की बहुतेक वेळा पूर्ण यंत्रच बदलावे लागते.

दुसऱ्या प्रकारात हवा मोजलीच जात नाही. गाडी फक्त चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झालेले चाक किंचित बसते, त्याचा घेर कमी पडतो आणि तेवढेच अंतर कापायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. एका चाकाचे फेरे वाढले की दिवा लागतो.

बटनाची खरी गोम या दुसऱ्या प्रकारात आहे. रिसेट करणे म्हणजे गाडीला सांगणे, की "आता चाकांत जी हवा आहे, तीच बरोबर समज." समजा, ठरलेली हवा 33 पौंड आहे आणि एका चाकात 25 राहिली आहे. तशीच बटन दाबली, तर गाडी 25 हाच त्या चाकाचा योग्य आकडा धरते. पुढचा इशारा मग हवा 20 पौंडांच्या आसपास उतरेपर्यंत मिळणार नाही. दिवा विझलेला असतो, चालक निर्धास्त असतो आणि टायर आतून तापत असतो.

रिसेट करण्याची योग्य रीत

1. टायर थंड असताना हवा तपासा. गाडी तीन तास उभी असावी, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चाललेली असावी. गरम टायरचा आकडा चढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये.

2. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या अंगावरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरू नये. पट्टीवर कमी माणसे आणि पूर्ण भार असे दोन आकडे असतील, तर त्या दिवशीच्या फेरीप्रमाणे आकडा घ्यावा.

3. चारही चाके तपासा. एकच चाक पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर पंक्चर किंवा व्हॉल्व्हची गळती शोधा.

4. गाडी उभी ठेवून चावी चालू करा. बटन बहुधा स्टिअरिंगखाली असते, नव्या गाड्यांत पडद्यावरील यादीत असते. दिवा लुकलुकेपर्यंत किंवा पडद्यावर सूचना येईपर्यंत ते दाबून धरा. जागा आणि पद्धत गाडीगणिक वेगळी असल्याने गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी.

5. नंतर काही काळ गाडी चालवावी लागते. त्या वेळात यंत्रणा नवी मापे शिकते.

चाकात यंत्र असलेल्या अनेक गाड्यांत हवा भरून थोडे चालवले की दिवा आपोआप जातो. टायर बदलले किंवा चाके पुढची मागे केली, तरी रिसेट आवश्यक असतो. दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच पेटून राहत असेल, तर बिघाड यंत्रणेतच आहे असे समजावे. तेथे बटन उपयोगाची नाही, गाडी कारागिराला दाखवावी.

दिव्याला न दिसणाऱ्या गोष्टी

चारही चाकांची हवा सारखीच उतरली, तर फेरे मोजणाऱ्या काही यंत्रणांना ते कळत नाही. गुळगुळीत झालेला टायर कोणत्याही यंत्रणेला कळत नाही. म्हणून दिवा असला तरी पंधरवड्यातून एकदा मीटर लावून पाहावेच. थंडीच्या पहाटे दिवा लागून उन्हात विझला, तरी हवा तपासावी. थंडीने हवेचा दाब उतरतो आणि आधीच काठावर असलेला टायर उघडा पडतो. पंक्चरवाल्याला चाकात यंत्र असल्याचे आधी सांगावे, म्हणजे टायर उतरवताना ते मोडणार नाही. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

हलगर्जी कुणाच्या जिवावर?

नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला झाला आहे. तेथे मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दबतात आणि तापतात. भर उन्हात, भरलेल्या गाडीत, अशा वेगाने तासन्‌तास धावताना तो टायर फुटू शकतो.

मालक म्हणतो, "दिवा बंद कर आणि नीघ." पगारी चालकाला उलटून बोलणे सोपे नसते. पण अपघात झाला की बोट प्रथम चालकाकडे जाते, परवाना त्याचा अडकतो आणि चूल त्याच्या घरची थांबते. म्हणून स्वतःचा एक छोटा मीटर जवळ ठेवावा. निघण्यापूर्वी चारही चाकांचे आकडे तारखेसह वहीत लिहावेत आणि दिवा लागल्याचे मालकाला लेखी कळवावे. मोबाईलवरचा संदेशही चालेल. आकडा दाखवून बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवणे कठीण असते. घरातील मुलामुलींनाही मीटर वाचायला शिकवावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्या गाडीत उद्या तीही बसणार आहेत.