अवकाशयुद्धाच्या खेळांतील पाठलाग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकीय खेळांत अवकाशयुद्धाचा मान फार जुना आहे. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर!’ सिद्ध केला, तेव्हापासूनच मध्यवर्ती ताऱ्याच्या आकर्षणाशी झगडत एका यानाने दुसऱ्याचा वेध घ्यावा, ही कल्पना या खेळांच्या मुळाशी आहे. परंतु पाठलागाविषयी खेळाडूंत ज्या समजुती रूढ आहेत, त्यांतील बऱ्याचशा जमिनीवरच्या शर्यतीवरून उचललेल्या असल्यामुळे नवशिक्याला त्यांचा उपयोग होण्याऐवजी उपद्रवच अधिक होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत घातक समजूत अशी, की प्रतिपक्षी निसटू लागताच थ्रॉटल पूर्ण पुढे लोटावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट डेंजरस’मध्ये रडारशेजारी वेगाचे जे मापक दिसते, त्याच्या मध्यभागी निळा पट्टा आखलेला असतो. यानाचा वेग त्या पट्ट्यात असेल तोवर यानाचे नाक सर्वांत त्वरेने वळते, आणि वेग त्याच्या वर गेला वा खाली आला की वळण्याची क्षमता मंदावते. वळणाऱ्या शत्रूमागे सर्व शक्ती पणाला लावून धावणारा खेळाडू त्यामुळेच वर्तुळाबाहेर फेकला जातो, तर निळ्या पट्ट्यात संयमाने राहिलेला आतल्या बाजूने वळून पुन्हा त्याच्या पाठीशी येतो. शत्रू सरळ रेषेत पळत असेल, तर मात्र पूर्ण वेग आणि बूस्ट यांना पर्याय नाही.

त्याच खेळात शत्रू डावीकडे गेला म्हणून नाकही डावीकडे फिरवावे, असे स्वाभाविकपणे वाटते. पण आडवे वळण तेथे मुद्दाम संथ ठेवलेले असून नाक वर उचलण्याची गती त्याहून पुष्कळ अधिक आहे. जाणता खेळाडू प्रथम यान कुशीवर फिरवून शत्रूला आपल्या डोक्याच्या बाजूस आणतो आणि मग नाक उचलतो. नाक उचलत असतानाच वरच्या दिशेने ढकलणारे थ्रस्टर दाबून धरले, तर यान वर्तुळाच्या केंद्राकडे रेटले जाऊन वळण अधिक आटोपशीर होते. दोन बोटांच्या या कामात पाठलागाचे निम्मे कौशल्य सामावलेले आहे.

‘एलिट डेंजरस’मधील ‘फ्लाइट असिस्ट’ ही साहाय्यक यंत्रणा बंद केल्याने यान अधिक वेगवान होते, हाही असाच एक प्रवाद. वस्तुतः वेगाची कमाल मर्यादा खेळाच्या नियमांनी तेव्हाही कायम ठेवलेली असते. बदलते ते एवढेच, की नाक ज्या दिशेला वळेल त्या दिशेलाच गती वळवण्याची जी तजवीज यंत्रणा परस्पर करीत असते, ती थांबते आणि पूर्वीची गती जडत्वाने टिकून राहते. त्यामुळे पळणारा खेळाडू मागे तोंड करूनही पुढे सरकत राहू शकतो, आणि शत्रूच्या शेपटीशी चिकटलो म्हणजे निर्धास्त झालो, ही पाठलाग करणाऱ्याची समजूतही निराधार ठरते. वेगाला मर्यादा घालणे विज्ञानाशी प्रतारणा आहे, अशी तक्रार काही खेळाडू करतात. त्यांनी १९९३ सालच्या ‘फ्रंटियर: एलिट टू’चा दाखला पाहावा. डेव्हिड ब्रेबेन यांच्या त्या खेळात न्यूटनचे नियम यथार्थपणे पाळले होते, आणि परिणामी याने एकमेकांवर प्रचंड वेगाने चाल करून येत, क्षणभर गोळीबार करीत आणि दूर निघून जात. पाठलागाला त्यात वावच उरत नसे. मर्यादा घातली म्हणूनच पाठलाग ही कला झाली, हे मला निःसंशय वाटते.

१९९५ सालच्या ‘डिसेंट’मधील बाब याहून विलक्षण आहे. सर्वांत जलद मार्ग म्हणजे नाकासमोर सरळ जाणे, हे गृहीत तेथे सपशेल खोटे पडते. पुढे, बाजूला आणि वर अशा तिन्ही अक्षांवरील वेगाची मर्यादा तेथे स्वतंत्रपणे मोजली जात असल्यामुळे दोन दिशांची बटणे एकत्र दाबल्यास वेग सुमारे १.४१ पट आणि तिन्ही दाबल्यास सुमारे १.७३ पट होतो. यालाच खेळाडू ‘ट्रायकॉर्डिंग’ म्हणतात. मात्र तेव्हा यान नाकाच्या रेषेपासून सुमारे ५५ अंश तिरपे जात असते, म्हणून खाणीच्या अरुंद बोगद्यात ते भिंतीला न घासता नेणे आणि वेध घेण्याच्या क्षणी नाक पुन्हा शत्रूवर आणणे, यासाठी दीर्घ सराव लागतो. शिवाय पुढचा खेळाडू वाटेत स्फोटके टाकीत जाऊ शकतो, त्यामुळे त्याच्या मागोमाग तंतोतंत त्याच रेषेत जाणे अनर्थकारक ठरते.

खेळात कमावलेले हे कसब खऱ्या अवकाशात जसेच्या तसे उपयोगी पडेल, असे मात्र कोणी समजू नये. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’चे सारथ्य करणाऱ्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच टायटन अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्यासाठी त्याच्या रोखाने जोर लावला, तेव्हा तो टप्पा जवळ येण्याऐवजी दूर जाऊ लागला, आणि इंधन खर्ची पडू लागल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. कक्षेत पुढच्या दिशेने जोर लावला की यान वरच्या कक्षेत चढते, तेथे त्याचे भ्रमण मंदावते आणि ते मागे पडते. पुढच्याला गाठायचे तर आधी खालच्या, अधिक शीघ्र कक्षेत राहावे लागते. त्याच वर्षी १५ डिसेंबरला ‘जेमिनी ६ए’ने खालच्या कक्षेतून क्रमाक्रमाने वर चढत ‘जेमिनी ७’ला गाठले, आणि दोन्ही यानांमधील अंतर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत आणले.