अंगठीतलं प्लॅटिनम काकांच्या सलाईनमध्ये

हा भाग असोद्यातून, आमच्या घराच्या ओट्यावर बसून रेकॉर्ड केलाय. मागे ट्रॅक्टर ऐकू आला तर समजून घ्या.

माझ्या काकांना तोंडाचा कॅन्सर झालाय. तंबाखू, दुसरं काय. रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन सुरू झालं. त्यात प्लॅटिनम आहे म्हटल्यावर काका म्हणाले, "जळगावच्या सराफाकडे अंगठीचं मिळतं, तेच का रे?"

धातू तोच. पण इथे मधोमध त्याचा एकच अणू असतो. एका बाजूला दोन अमोनिया, दुसऱ्या बाजूला दोन क्लोरीन. रक्तात मिठातलं क्लोराइड भरपूर असतं, म्हणून क्लोरीन बऱ्यापैकी जागेवर टिकतात. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे पाणी क्लोरीनची जागा घेतं, पण पाण्याची पकड सैल. म्हणजे प्लॅटिनमचे दोन हात मोकळेच झाले म्हणा.

हे हात डीएनएतलं ग्वानिन हे अक्षर धरतात, बहुतेक वेळा शेजारशेजारची दोन. बॅगेच्या चेनचे दोन दात कुणी डाग देऊन जोडले तर काय होईल? चेन तिथे वाकेल, रनर अडकेल. पेशीला विभागायचं तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते, आणि ते काम इथेच अडकतं. दुरुस्ती करणारी प्रथिनं धावून येतात. त्यांना जमलं नाही तर पेशी स्वतःलाच संपवते. कॅन्सरच्या पेशी सारख्या विभागतात, म्हणून त्या जास्त सापडतात. आणि गंमत बघा, तेच क्लोरीन समोरासमोर बसवले तर शेजारची दोन अक्षरं एकदम धरता येत नाहीत. ते औषध कामाचं नाही!

काकांना तीन आठवड्यांनी एकदा मोठा डोस होता. "दर आठवड्याला थोडं थोडं नाही का चालणार?" असं त्यांनी विचारलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने हेच ३०० रुग्णांवर तपासलं, बहुतेक तोंडाच्या कॅन्सरचे. २०१८ साली निकाल छापून आला. दोन वर्षांनी आजार त्या जागी आटोक्यात होता, मोठ्या डोसवाल्या ७३ टक्के जणांत आणि आठवड्याच्या ३० मिलिग्रॅमवाल्या ५८ टक्क्यांत. मोठ्या डोसाचा त्रास मात्र जास्त. नंतर जपानमध्ये आठवड्याला ४० मिलिग्रॅमचा डोस मोठ्या डोसाच्या तोडीचा ठरला. त्यामुळे आपलं आपण ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

कारण प्लॅटिनम चांगल्या पेशींनाही सोडत नाही. किडनी सांभाळायला म्हणून तर एवढं सलाईन लावतात. कानातल्या ऐकण्याच्या पेशी मेल्या तर पुन्हा येत नाहीत.

दुसऱ्या डोसनंतर काकांच्या कानात शिट्टी वाजायला लागली. आठ दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही, डोस बंद करतील म्हणून. टीव्हीचा आवाज वाढत गेला तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. काल कानाची तपासणी झाली. तिसरा डोस तोच द्यायचा की औषध बदलायचं, डॉक्टर बुधवारी सांगणार आहेत.