डाव्या हाताची परीक्षा

पेटीवादकाचा डावा हात भात्यात अडकलेला. बोटांची सारी करामत उजव्याची. याउलट, न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९२०च्या दशकात बहरलेल्या ‘स्ट्राइड’ पियानोत वादकाचा कस लागतो तो डाव्या हाताचा. चारांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला हा हात खर्जातला सूर धरतो, दुसऱ्या-चौथ्याला झेप घेऊन मधल्या पट्ट्यांवर कॉर्ड वाजवतो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. हे सगळं द्रुत लयीत, पट्ट्यांकडे न बघता. ज्यांचा पंजा मोठा ते खाली एकाच सुरावर थांबत नसत; षड्ज आणि पुढच्या सप्तकातला गंधार एकदम दाबत.

या शैलीचं मूळ रॅगटाइम या आधीच्या पियानो-संगीतात. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९चा. छापील स्वरलिपीबरहुकूम वाजवायचा. हार्लेमवाल्यांनी लय वाढवली, तिला झोल दिला आणि आयत्या वेळच्या उपजेला वाव दिला. त्यांचा म्होरक्या जेम्स पी. जॉन्सन. त्याची ‘कॅरोलायना शाउट’ ही रचना म्हणजे नवशिक्यांची प्रवेशपरीक्षाच होती. ड्यूक एलिंग्टन ती शिकला पियानो-रोलवरून, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून: यंत्र सावकाश चालवायचं आणि खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवायची.

या वादनाला पोसलं घरभाड्याने. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडून हार्लेममध्ये अव्वाच्या सव्वा भाडं उकळलं जाई. मग घरातच पार्टी ठेवायची, दाराशी थोडे पैसे घ्यायचे, खाणंपिणं विकायचं आणि पियानोवाला बोलवायचा. खोलीभर माणसं नाचवायची तर ठेका एकट्या पियानोतूनच निघायला हवा. डाव्या हातावर इतकं ओझं आलं ते, मला वाटतं, यामुळेच. शिवाय एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या जुगलबंद्या होत्याच. विली ‘द लायन’ स्मिथ, फॅट्स वॉलर हे त्यातले मातब्बर. पुढे जवळजवळ दृष्टिहीन असलेला आर्ट टेटम आला आणि या दिग्गजांनीही त्याच्यापुढे हात टेकले, असं सांगतात.

हे वादन भारतातही पोचलं. स्ट्राइडवर हुकमत असलेला टेडी वेदरफोर्ड १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे; १९४५ साली तो कलकत्त्यात वारला.

जॉन्सनची १९२१ची ‘कॅरोलायना शाउट’ची ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन मिनिटांची आहे. ती ऐका, आणि पहिल्या खेपेला उजव्या हाताकडे साफ दुर्लक्ष करा.